चित्रीकरणासाठी मेमरी कार्डाची निवड व पारख

ग्रामसभेचे कामकाज, शाळेचे स्नेहसंमेलन, जत्रेतील दशावतारी नाटक, वादग्रस्त जागेचा पंचनामा, पावसाने केलेल्या नुकसानीची पाहणी अशा अनेक प्रसंगांचे चित्रीकरण आता गावोगाव होऊ लागले आहे. अशा चित्रीकरणाला आपण अजूनही चित्रफीत म्हणतो. फीत मात्र केव्हाच गेली आणि तिच्या जागी नखाएवढे मेमरी कार्ड आले. या बदलाने सोय पुष्कळ झाली, परंतु एक गोष्ट हातची गेली. फीत बिघडली की ते कळत असे. ती अडकली तर यंत्र कुरकुरे, चुरगळलेल्या ठिकाणी पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटत, आणि पुढचा भाग बहुधा ठीक निघे. कार्ड बिघडते ते मुकाट्याने. कॅमेऱ्यावरील लाल दिवा लागलेला असतो, मिनिटांचा आकडा पुढे सरकत असतो, आणि आत काहीही उमटत नसते.

प्रस्तुत लेखकाला हा अनुभव काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात आला. सत्तरी तालुक्यातील एका गावी मांडावर धालो चालू होते. गीते म्हणणाऱ्या स्त्रियांत एक वयोवृद्ध आजी होत्या. इतरांना न येणारी कित्येक गीते त्यांना मुखोद्गत होती. गावच्या शाळेतील शिक्षक व आम्ही मिळून दोन रात्रींचे, एकूण सुमारे साडेचार तासांचे चित्रीकरण केले. कार्ड नवे होते, ६४ गिगाबाइटचे, एका दुकानातून जवळजवळ निम्म्या किमतीत घेतलेले. पहिल्या रात्री घरी परतल्यावर सुरुवातीचा भाग लावून पाहिला. तो उत्तम उतरला होता, म्हणून निश्चिंतपणे झोपलो. आठवड्याने संगणकावर पाहतो तो सर्व फायलींची नावे जागच्या जागी, प्रत्येकीचा आकारही बरोबर. पण पहिल्या रात्रीची पहिली ३८ मिनिटे सोडता पुढचे काहीही दिसेना. पुढच्या पौषापर्यंत त्या आजी राहिल्या नाहीत. या ३८ मिनिटांचा हिशेब पुढे येईल. आधी कार्ड म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू.

कार्डाच्या पोटात

आज कॅमेऱ्यांत सर्वाधिक वापरले जाणारे एस. डी. कार्ड मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून १९९९ साली पुढे आणले. त्याचे मानक सांभाळणारी संस्था २००० साली स्थापन झाली. मोबाईल फोनमध्ये व लहान कॅमेऱ्यांत बसणारे मायक्रो एस. डी. कार्ड हे त्याचेच धाकटे रूप होय. ते १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड असते.

या कार्डात दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग फ्लॅश स्मृतीचा. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात या स्मृतीचा शोध लावला. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म पेशी असतात व प्रत्येक पेशीत विद्युतभार कोंडून माहिती ठेवली जाते. दुसरा भाग नियंत्रकाचा. कॅमेऱ्याशी बोलणे, माहिती कोणत्या पेशींत ठेवली याची नोंद राखणे, वाचताना झालेल्या बारीकसारीक चुका सुधारणे आणि लिहिण्याचा भार सर्व पेशींवर सारखा वाटणे ही कामे तो करतो. कार्डाची खरी धारणशक्ती किती, हे कॅमेऱ्याला हा नियंत्रकच सांगतो. कॅमेऱ्याला ते पडताळून पाहता येत नाही, हे येथेच ध्यानात ठेवावे.

एखाद्या तांब्यात पाणी आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर सहसा चूक होत नाही. त्याच तांब्यात पाण्याच्या आठ पातळ्या ठरवून त्यांपैकी नेमकी कोणती हे ओळखायचे झाले, तर थोडे पाणी झिरपले तरी उत्तर चुकते. एका पेशीत एकच बिट ठेवणारी स्मृती सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येते. तीन बिट ठेवणाऱ्या, म्हणजे आठ पातळ्यांच्या स्मृतीचे आयुष्य साधारणतः एक ते तीन हजार वेळांचे असते आणि चार बिटांच्या स्मृतीचे त्याहूनही कमी. बाजारातील स्वस्त व मोठी कार्डे या शेवटच्या दोन प्रकारांतील असतात.

यामुळे घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. शाळेने आठवड्यातून एकदा कार्ड पूर्ण भरले तरी एक हजार वेळा भरण्यास एकोणीस वर्षे लागतील. झिजेचा प्रश्न खरा उद्भवतो तो पहाऱ्यासाठी बसविलेल्या कॅमेऱ्यांत. प्रतिसेकंद ४ मेगाबिट या मंद गतीनेही अहोरात्र लिहिणारा कॅमेरा ६४ गिगाबाइटचे कार्ड दीड दिवसात भरतो आणि पुन्हा पहिल्यापासून लिहू लागतो. वर्षाकाठी ही आवर्तने अडीचशेच्या घरात जातात, आणि त्यात पत्र्याखालच्या पेटीतील उष्णतेची भर पडते. पंचायत कार्यालय, शाळेचे प्रवेशद्वार किंवा मोटारीची काच येथे बसविलेल्या कॅमेऱ्यांसाठी सतत लेखनास टिकणारी म्हणून वेगळी कार्डे मिळतात, तीच घ्यावीत. साध्या कार्डांच्या हमीपत्रात असा वापर बहुधा वगळलेलाच असतो, आणि हे हमीपत्र सहसा कोणी वाचत नाही.

कार्डावरील खुणा

कार्डावर सर्वांत ठळक छापलेला वेगाचा आकडा चित्रीकरणाच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाचा असतो. १००, १७० किंवा २०० मेगाबाइट प्रतिसेकंद असा जो आकडा दिसतो तो बहुधा कार्डातून वाचण्याचा कमाल वेग असतो. चित्रीकरणाला लागतो तो लिहिण्याचा वेग, आणि तोही कमाल नव्हे, तर सतत टिकणारा किमान वेग. शिवाय यू. एच. एस. एक या पद्धतीची मानकातील मर्यादाच १०४ मेगाबाइट आहे. त्यापलीकडचा वेग त्या कंपनीच्या खास रीडरबरोबर संगणकावर मिळतो, कॅमेऱ्यात नव्हे.

किमान वेग सांगणाऱ्या खुणा बारीक असतात. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० हा आकडा असल्यास किमान १० मेगाबाइट प्रतिसेकंद समजावेत. यू अक्षराच्या पोटातील १ म्हणजे १० व ३ म्हणजे ३० मेगाबाइट. व्ही अक्षरापुढील ६, १०, ३०, ६० किंवा ९० हा आकडा तर सरळ तेवढे मेगाबाइट दर्शवितो. ए १ व ए २ या खुणा फोनमधील उपयोजनांसाठी आहेत. चित्रीकरणासाठी त्यांचे अधिक पैसे देऊ नयेत.

आता आपल्या कॅमेऱ्याला किती वेग लागतो ते कसे काढावे? येथे बहुतेकांची गफलत होते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत चित्रीकरणाचा दर मेगाबिटमध्ये दिलेला असतो व कार्डावरील खूण मेगाबाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून पुस्तिकेतील आकड्याला आठने भागावे. २८ मेगाबिटचे साधे चित्रीकरण साडेतीन मेगाबाइट मागते. १०० मेगाबिटचे फोर-के चित्रीकरण साडेबारा मागते, म्हणजे त्याला व्ही ३० खुणेचे कार्ड भरपूर झाले. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट लागतात, तेथे व्ही ६० हवे. शाळा व पंचायती यांना व्ही ३० च्या पुढे जाण्याची गरज आमच्या पाहण्यात तरी आली नाही.

हाच हिशेब उलटा केला की कार्डात किती वेळ मावेल तेही समजते. ६४ गिगाबाइट म्हणजे ६४,००० मेगाबाइट. त्यास साडेबाराने भागल्यास ५,१२० सेकंद, म्हणजे ८५ मिनिटे. साडेतीनने भागल्यास पाच तासांहून थोडे अधिक. दशावताराची रात्र टिपायची असेल तर हे गणित आदल्या दिवशी करावे.

जुने कॅमेरे सर्व कार्डे स्वीकारीत नाहीत. मूळचे एस. डी. कार्ड २ गिगाबाइटपर्यंतचे होते. २००६ साली ३२ गिगाबाइटपर्यंतचे एस. डी. एच. सी. व २००९ साली त्यापुढे २ टेराबाइटपर्यंतचे एस. डी. एक्स. सी. असे प्रकार ठरले. शाळेला भेट मिळालेला जुना कॅमेरा ६४ गिगाबाइटचे कार्ड नाकारीत असेल तर दोष बहुधा कार्डाचा नसतो. तसेच ६४ गिगाबाइटचे कार्ड संगणकावर ५९.६ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कार्ड करणारे हजाराच्या पटीने मोजतात व संगणक १,०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक आहे.

नकली कार्ड व घड्याळाची कसोटी

आमच्या कार्डाचा प्रकार मात्र निराळा होता. त्यात प्रत्यक्षात ८ गिगाबाइटचीच स्मृती होती आणि नियंत्रकाला ६४ सांगण्यास शिकविलेले होते. ८,००० मेगाबाइटला साडेतीनने भागले की २,२८५ सेकंद येतात, म्हणजेच ती ३८ मिनिटे. फायलींची यादी कार्डाच्या आरंभीच्या भागात असल्याने ती शाबूत राहिली. नावे व आकार दिसत होते ते यामुळे. खरी जागा संपल्यावर आलेली माहिती असे कार्ड टाकून देते, किंवा आरंभीच्याच माहितीवर पुन्हा लिहिते. दोन्ही प्रकारांत कॅमेऱ्याला उत्तर एकच मिळते: लिहून झाले.

वेष्टन, छपाई व सोनेरी चिठ्ठी पाहून असे कार्ड ओळखता येईल, या भरवशावर राहू नये. अँड्र्यू ह्वांग या अमेरिकी अभियंत्याने २०१० साली संशयास्पद कार्डांचा शोध घेतला तेव्हा कार्डांचे अंतर्गत ओळखक्रमांक वाचून आणि काहींची वेष्टने विरघळवून आतील सिलिकॉनच्या चकत्या पाहाव्या लागल्या. हे काम गावात होणारे नव्हे. किंमत हे मात्र चांगले निदर्शक आहे. २ टेराबाइटची खरी मायक्रो कार्डे आता निघाली आहेत, पण त्यांना कित्येक हजार रुपये पडतात. तेवढे कार्ड काही शे रुपयांत देऊ करणाऱ्याकडे ते असूच शकत नाही. पावती व हमीपत्र देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे हे खरे, तथापि चांगल्या दुकानातही पुरवठादाराकडून आलेला नकली माल असू शकतो. म्हणून नवे कार्ड, ते कोठूनही घेतलेले असो, कामावर नेण्यापूर्वी एकदा पूर्ण भरून पाहावे.

त्याची एक साधी रीत आम्ही आता नेहमी वापरतो व तिला संगणकाचे ज्ञान लागत नाही. सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ घ्यावे. कॅमेरा तिवईवर लावून त्याला विजेची जोडणी द्यावी, चित्रीकरणाचा दर कॅमेऱ्याला झेपेल तेवढा उच्च ठेवावा, आणि कार्ड भरून कॅमेरा आपोआप थांबेपर्यंत घड्याळाचे चित्रीकरण चालू ठेवावे. मध्येच थांबला तर लगेच पुन्हा सुरू करावा. (जुन्या पिढीतील कित्येक छायाचित्र-कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपणहून थांबतात. व्हिडिओ कॅमेऱ्यांवर युरोपात असलेली वेगळी जकात टाळण्यासाठी ही मर्यादा घातलेली असे. तिचा दोष कार्डाला देऊ नये.) नंतर कार्ड बाहेर काढून पुन्हा घालावे आणि पहिली, मधली व अगदी शेवटची फाईल चालवून पाहावी. प्रत्येक ठिकाणी घड्याळाचे काटे जेथे असावयास हवेत तेथे आहेत, सेकंदकाटा उड्या मारीत नाही, हे दिसले म्हणजे धारणशक्ती व वेग या दोहोंची परीक्षा आपल्याच कॅमेऱ्यात झाली. पहिली फाईल नीट दिसली एवढ्यावर थांबू नये. आम्ही थांबलो होतो.

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांच्यासाठी विनामूल्य आज्ञावल्या उपलब्ध आहेत. विंडोजवर चालणारी ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ व लिनक्सवर चालणारी ‘एफ थ्री’ या दोन्ही कार्ड काठोकाठ भरतात व लिहिलेले प्रत्येक अक्षर परत वाचून ताडून पाहतात. ६४ गिगाबाइटच्या कार्डाला त्यात तासाभराहून अधिक वेळ जातो. कार्डावर काही असेल तर आधी दुसरीकडे काढून ठेवावे.

कार्यालयीन खरेदीत अडचण वेगळी असते. मागणीपत्रात नुसते ‘मेमरी कार्ड, ६४ गिगाबाइट’ असे लिहिले तर सर्वांत कमी दराचे जे येईल ते स्वीकारावे लागते व नंतर कॅमेऱ्याला नावे ठेवली जातात. ‘व्ही ३० किंवा त्यावरील, निर्मात्याच्या हमीसह, पूर्ण धारणशक्तीच्या चाचणीनंतरच स्वीकृती’ एवढे शब्द तपशिलात घातले तर गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवरून खरेदी करतानाही हात बांधले जात नाहीत. शक्य तेथे १२८ चे एक घेण्याऐवजी ६४ ची दोन घ्यावीत. एक गेले तर दुसरे राहते. कॅमेऱ्यात दोन खाचा असल्यास दोन्हींवर एकाच वेळी चित्रीकरण करण्याची सोयही बहुधा असते. ती सहसा बंद ठेवलेली आढळते.

वापरताना

चित्रीकरण थांबविल्यावर लुकलुकणारा दिवा विझेपर्यंत कार्ड काढू नये, हे सर्वजण सांगतात. कारण क्वचितच सांगितले जाते. पुष्कळ कॅमेऱ्यांत फायलीची अनुक्रमणिका चित्रीकरण संपल्यावर अखेरीस लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वी कार्ड निघाले किंवा बॅटरी संपली तर तासभराची दृश्ये आत असूनही फाईल उघडत नाही. असे झाल्यास त्या कार्डावर नवे काही न टिपता ते त्याच कॅमेऱ्यात घालून पाहावे. काही कॅमेरे अशी अपुरी फाईल स्वतः पूर्ण करतात.

प्रत्येक नव्या कामापूर्वी, जुनी प्रत सुरक्षित असल्याची खात्री करून, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या कॅमेऱ्यात वापरता येते, पण त्यात संपर्काचे आणखी एक ठिकाण वाढते. महत्त्वाच्या कामाला मोठे कार्डच बरे. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत कार्डाचे सोनेरी संपर्क काळवंडतात. पावसाळ्यात कार्डे झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत व अधूनमधून कोरड्या सुती कापडाने पुसावीत. कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी ही केवळ सूचना असते. यंत्राने ती मानली तरच लेखन थांबते.

कार्ड हे साठवणीचे कोठार नव्हे. कोंडलेला विद्युतभार हळूहळू गळतो, व झिजलेल्या कार्डातून आणि उष्णतेत तो अधिक लवकर गळतो. चित्रीकरण झाले त्याच दिवशी दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती कराव्यात, आणि त्या दोन्ही शेवटपर्यंत चालवून पाहिल्याखेरीज कार्ड पुसू नये.

शासकीय कामात याला कायद्याचेही अंग आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण दृक्-श्राव्य साधनांनी, शक्यतो मोबाईल फोनने, करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फायलीचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. हॅश मूल्य म्हणजे फायलीतील सर्व माहितीवरून ठराविक गणिताने निघणारा एक लांबलचक क्रमांक होय. फायलीत एका बिटाचा फरक झाला तरी तो पूर्ण बदलतो. म्हणून तो क्रमांक पहिली प्रत करतानाच काढून नोंदवावा, व चित्रीकरण कार्डावर झाले असल्यास मूळ कार्ड पुन्हा न वापरता मोहोरबंद ठेवावे. अशा कार्डाची किंमत वाचविण्यात अर्थ नाही. शिक्षकांनाही या क्रमांकाचा उपयोग आहे: मूळ व प्रत यांचे क्रमांक जुळले की प्रत बिनचूक झाली असे समजावे. विंडोज प्रणालीत ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा यासाठी आतच असते.

एवढे करूनही चुकून फाईल पुसली गेली तर धीर सोडू नये. पुसताना बहुधा यादीतील नोंद तेवढी जाते, दृश्ये जागेवरच असतात. कार्ड तत्काळ बाजूला काढावे, त्यावर काहीही टिपू नये, आणि ‘फोटोरेक’सारखी विनामूल्य आज्ञावली जाणकाराकडून चालवून घ्यावी, सापडलेल्या फायली त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर उतराव्यात. आमच्या त्या कार्डावरही हा प्रयोग केला. रात्रभर संगणक चालला. सकाळी जे हाती आले ते तेच ३८ मिनिटांचे चित्रीकरण होते. त्यापुढचे पुसले गेले नव्हते, ते कार्डावर कधी लिहिलेच गेले नव्हते.